बंड्याचं पातेलं आणि अण्णांचा कावळा

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. मागं एकाला हे सांगत होतो, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या बायकोची बोलणी मला बसली. माणूस चुकतो, मान्य. पण एका मांजराच्या पोटापायी अख्ख्या घराला फसवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? मग बघून घ्या, समोरच बसलाय.

त्याचं असं झालं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, ज्या वर्षी गेले त्याच वर्षी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात एक बोका शिरला. आला तो सरळ अण्णांच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याचं नाव बंड्या. मला त्याचा लई लळा लागला, खोटं कशाला बोलू? त्याला मी दुकानातून पाकीट आणायचो, माशाच्या आकाराचे कडक कडक दाणे. भाव विचाराल तर आमच्या घरातल्या तूरडाळीपेक्षा महाग.

एकदा आईनं पाकिटावरची किंमत वाचली आणि तिथंच निकाल दिला. "पितराला तात्या येतेत. त्यांच्यासंगं हे ध्यान लासूरला जाईल. गोदामात उंदीर हायेत, फुकट जेवंल."

तात्या म्हणजे माझे चुलते. लासूर स्टेशनला त्यांची धान्याची आडत.

मी म्हणलं, "आई, त्याला घरीच करून घालतो की. स्वस्तात पडंल."

"कर. पण पितरपाटात माझ्या घरात मांसमच्छी शिजली, तर त्याच्यासंगं तू बी लासूरला."

मी जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणला, सोपं आहे. चिकन उकडा, त्यात थोडी कलेजी, चमचाभर भोपळा, आणि हाडांसाठी अंड्याच्या टरफलाची बारीक पूड. कांदा-लसूण नाही, दूध नाही, मीठ तर अजिबात नाही. मीठ सोडा म्हणून माझा डॉक्टर मलाही सांगतो, बीपी आहे मला. पण मी काही बोका नाही.

आता आली का पंचाईत? तात्या पितराच्या दिवशीच बोका नेणार, आणि पितरपाट तर आधीच लागलेला, चिकन शिजवायला वर्ज्य! मग मी डोकं चालवलं. तेच चुकलं. सकाळीच पिशवी शर्टाखाली धरून गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीमागं छोटा गॅस मांडला आणि गुपचूप शिजवलं. भोपळा आईच्या भाजीसाठी चिरलेल्यातलाच उचलला. बेत असा की बंड्याला आधी खाऊ घालायचं, आणि त्यानं खाल्लं की तात्यांच्या कानात सांगायचं, बोका आता स्वस्त झालाय, नेऊ नका. पातेलं निवायला उघडंच ठेवलं आणि खाली आलो.

तात्या दारात उभे. हातात रिकामं पोतं.

"बोका कुठंय?"

"आधी पितर, मग पोतं," आई म्हणली.

खीर, वडे, कढी, गवार, भोपळा असं ताट गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. आता कावळा शिवल्याबिगर घरात कुणी घास तोंडात घालणार नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आणि शहरात कावळा आणायचा कुठून? नशिबानं एक होता, समोरच्या टॉवरवर. तो ताटाकडं बघायलाच तयार नाही.

तात्यांनी हात जोडले. "अण्णा, बांधाचं भांडण मिटवतो. ये बाबा."

कावळ्यानं मान फिरवली.

माझी बायको मंगल म्हणली, "मामा, तुमच्या नातीला इंजिनिअर करते."

ढिम्म.

मी म्हणलं, "अण्णा, तुमची स्कूटर विकत नाही." त्यानं चोच पुसली फक्त.

ऊन चढलं. वड्यांचा वास सुटलेला, तात्यांना शुगर, ते आता कावळ्यावरच खेकसायला लागले. आईचे मात्र डोळे भरून आले. "राग माझ्यावर हाय त्यांचा. शेवटी शेवटी कोंबडीचा रस्सा मागायचे. बीपी म्हणून मी आळणी खाऊ घातलं." मग पदरानं डोळे पुसून ती टॉवरकडं बघत म्हणली, "त्या बोक्याला आत्ता घालवते. आता तरी या."

आणि कावळा उडाला हो!

सरळ आमच्याकडं. मला वाटलं, बंड्या गेलाच. पण तो ताटावरून पुढं गेला आणि टाकीमागं उतरला. सगळे मागं पळाले. बघतात तर पातेल्याच्या काठावर बसून महाराज कलेजी ओढतायत.

"हे काय हाय?" आई म्हणली.

खरं सांगावं तर बंड्या पोत्यात आणि मी त्याच्या मागं. तोंडातून निघूनच गेलं, "अण्णांसाठी केलं होतं. चिकन. आळणी."

आई मटकन खाली बसली. तात्या तर रडायलाच लागले. "भावाची वासना कुणाला कळली? पोराला कळली. वाढा रे, हाच प्रसाद."

झालं! पातेलं खाली आलं, सगळ्यांच्या पानात पहिला घास बंड्याच्या जेवणाचा पडला. तात्या चावता चावता थांबले.

"हे कचकच काय लागतंय?"

"अंड्याचं टरफल, तात्या. हाडांसाठी."

"व्हय, अण्णाचे गुडघे दुखायचेच," तात्या म्हणले आणि अजून वाढून घेतलं.

मला पण खावं लागलं. चव कशी? भिंत चाटल्यासारखी. तेवढ्यात बंड्या आला, रिकाम्या पातेल्यात तोंड घातलं आणि माझ्यासमोर बसून जे बोंबलायला लागला! वाटलं, आता हाच सगळं सांगतो. पण तात्यांनी त्यालाच नमस्कार केला. "अण्णांच्या खुर्चीत बसतो ना हा? मी नाय बाबा पोत्यात घालायचो." पोतं काखेत मारून ते निघून गेले.

मी सुटकेचा श्वास सोडला, तर आई मागं उभी.

"भोपळा माझाच होता, तवाच ओळखला मी. अन् गुडघे तात्याचे दुखतेत, अण्णाचे कधीच दुखले नाय."

"मग बोलली का नाहीस?"

"कावळा खोटं बोलत नाय. त्यांना तेच पाहिजे व्हतं, मला बरं वाटलं." मग बंड्याकडं बघून म्हणली, "बोका राहू दे. पितरपाट सरला की मीच रांधीन ते. पातेलं मोठं घेईन. तुला बी बीपी हाय, अन् आज गुमान खाल्लंस, बघितलं मी."

तवापासून आमच्या दोघांचं एकाच पातेल्यात शिजतंय. हाच माझा हापिसातला डबा. टरफल तेवढं हात जोडून बंद करून घेतलं. बंड्याचे केस चमकायला लागलेत. मी काही बोका नाही म्हणलो होतो ना मघाशी? बरोबरच आहे. बोक्याला आई आधी वाढते.