बेकरीच्या खोक्यातला केक

"केक खालच्या आगीनं फुगत नाही, झाकणावरच्या आगीनं फुगतो," असं चंद्रमती एकदा म्हणाली होती, आणि तिचा धाकटा भाऊ सेतुमाधव हसला होता. झाकणावर आग ठेवणारी दुसरी बाई त्यानं पाहिली नव्हती.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. मागच्या पडवीत कोळशाची शेगडी, तिच्यावर पितळेची जाड उरुळी, पसरट तोंडाचं पातेलं. उरुळीत कावेरीची वाळू, वाळूत तुपाचा हात फिरवलेला डबा, वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. अंडं अर्थातच नाही. शेजारी पूर्वी एक ख्रिस्ती नर्स राहायची, तिचं पाहून चंद्रमती शिकली. अंड्याशिवाय केक होतच नाही, असं नर्सचं म्हणणं. चंद्रमतीनं घट्ट दही आणि सोडा घालून तो केला आणि पहिला तुकडा नर्सलाच नेऊन दिला. तिची गुळाची धिरडीही सुरेख व्हायची, कडेला जाळी सुटलेली, मध्ये मऊ. पण नाव झालं ते केकचं. गल्लीत कुणाच्या नातवाचा वाढदिवस आला की समोरच्या वरलक्ष्मीमावशी पडवीत डोकावायच्या.

"चंद्रा, त्या पोराला मेणबत्ती खुपसायला काहीतरी हवं गं. इडलीत खुपसली तर रडतो."

चंद्रमतीचं लग्न राहिलं होतं. तिचं नक्षत्र मूळ. त्या नक्षत्राची मुलगी सासऱ्याला बाधते असं तमिळ मुलखात मानतात, आणि पिढ्यान् पिढ्या तिथं राहून ह्या मराठी घरांनीही ते आपलं करून टाकलं होतं. सासरा नसलेलं घर शोधता शोधता वडील गेले. मग सेतुमाधवचं लग्न झालं, भामा घरात आली, आणि त्याची अक्का पस्तिशीकडे झुकली. स्वतःच्या घराबद्दल ती बोलेनाशी झाली. दुसऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस तेवढे गोड करत राहिली.

अशाच एका वाढदिवसाला तिरुवैयारुचे बाळकृष्णराव आले होते. शाळेत गणित शिकवायचे. बायको जाऊन काही वर्षं झालेली, वडील त्याआधीच गेलेले, घरी फक्त आई, गंगाबाई. त्यांनी केकचा दुसरा तुकडा मागून घेतला आणि कुणी केला ते विचारलं. आठवड्याभरात वरलक्ष्मीमावशी निरोप घेऊन आल्या.

"मास्तर पाहायला येतायत. पण सोज्जी-बज्जी नको म्हणाले. तो केकच हवा."

मुलगी पाहायला आलेल्यांना गोड शिरा आणि भजी, सोज्जी-बज्जी, द्यायची ही तिकडची अढळ रीत. ती मोडून कुणी केक मागितल्याचं गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

"अर्धं लग्न उरुळीतच लागलं म्हण," मावशी म्हणाल्या. चंद्रमतीनं विहिरीवर जाऊन वाळू धुतली आणि गच्चीवर उन्हात पसरली. वाळू धुताना सेतुमाधवनं तिला त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

ते दिवसच तसे होते. गल्लीत खांबा-खांबावरून केबलची तार आली होती. मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराची बेकरी उघडली होती, आत शिरलं की अंगावर गार हवा. सेतुमाधवच्या कचेरीत साहेबांच्या मुलांचे वाढदिवस तिथल्या गुलाबी खोक्यांतून यायचे. ते खोकं उघडताना सगळे टेबलाभोवती कसे गोळा व्हायचे, ते त्याच्या मनात ठसलं होतं. अक्काचा केक मात्र स्टीलच्या ताटात यायचा, वरून जरा तडकलेला, कडेला कोळशाचा वास. पाहुण्यांपुढे तो कसा ठेवायचा? त्यानं बेकरीतल्या ओळखीच्या माणसाकडून एक रिकामं खोकं मागून आणलं.

"हे कशाला?" भामानं विचारलं.

"दिसायला बरं."

"अहो, ते खायला येतायत की पाहायला?"

"दोन्ही. तू कॉफीचं बघ."

अक्का आत साडी नेसत होती. त्यानं केक कापला, तुकडे खोक्यात रचले, गुलाबी फीत बांधली आणि खोकं पाहुण्यांपुढे ठेवलं.

गंगाबाईंनी खोक्यावरची सोनेरी अक्षरं पाहिली. "बेकरीचं कां हें?"

"हो," सेतुमाधव म्हणाला. प्रश्न खोक्याबद्दल होता, उत्तरही खोक्याबद्दलच होतं. पण जीभ तिथं थांबली नाही. "नवीन आहे. साहेबलोक तिथूनच नेतात."

गंगाबाईंचा पुढे आलेला हात मांडीवर परत गेला. "आमच्यांत अंडं चालत नाही."

"ह्यात नाही हो."

"बेकरीवाल्यानं काय घातलं, तें तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही उभे होतां?"

बाळकृष्णरावांनी दाराकडे पाहिलं. चंद्रमती कॉफीचं ताट घेऊन उभी होती. "मला वाटलं, घरचा असेल," ते हळू म्हणाले.

पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनं आपणहून बोलायचं नसतं. चंद्रमतीनं पाहुण्यांकडे पाहिलंच नाही, ती भावाकडे पाहत होती. आता एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर खोक्याचं काय ते सांगावं लागलं असतं, आणि आत्ताच मारलेल्या बढाईचंही. नंतर मावशींकडून कळवू, असं त्याला वाटलं. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"घरचं काय, तें रोजचंच."

चंद्रमतीनं कॉफी ठेवली आणि ती आत गेली. पाहुणे कॉफी पिऊन उठले. खोकं तसंच राहिलं.

"तुम्ही बोलला कां नाहीत?" संध्याकाळी भामानं विचारलं.

"तू बोलायचंस."

"बहीण तुमची, खोकं तुमचं. मी काय बोलू?"

वरलक्ष्मीमावशी बस धरून तिरुवैयारुला गेल्या आणि सगळं खरं सांगून आल्या. गंगाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे एक तर अंडं, नाही तर खोटं. ह्यांतलं कुठलं घरांत घेऊं?" मास्तर खाली फरशीकडे पाहत बसले होते. आईपुढे बोलणारे ते नव्हते. पुढच्या तै महिन्यात, संक्रांत झाल्यावर, पापनाशमच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं.

चंद्रमतीनं त्रागा केला नाही. उरुळी चिंचेनं घासून तिनं माळ्यावर टाकली, वाळू शेवग्याच्या बुंध्याशी ओतली. धिरडी करायची, भात करायची, भामाच्या मुलीची वेणी घालायची. वाढदिवसाचं विचारायला कुणी आलं की म्हणायची, "बेकरीत चांगला मिळतो." त्या आवाजात टोमणा असता तर सेतुमाधवला हलकं वाटलं असतं. तो नसायचा.

कचेरीला सायकलवरून जाताना तो एक वाक्य घोकायचा. अक्का, मला लाज वाटली होती, तुझ्या केकची नव्हे, आपल्या घराची. वळणावर ते अगदी नीट जमायचं. घरी येऊन सायकल भिंतीला लावेपर्यंत त्यातला एक शब्द सैल व्हायचा, मग दुसरा. पुढे त्याला वाटू लागलं, शब्दांनी काय होणार, काहीतरी करून दाखवायला हवं.

एका दिवाळीच्या आधी तो विजेची भट्टी घेऊन आला. पांढरी, काचेचं दार, आत दिवा. स्वयंपाकघरात मांडून त्यानं मैदा, लोणी, दही सगळं शेजारी ठेवलं आणि अक्काला हाक मारली. वरलक्ष्मीमावशींनाही बोलावलं होतं.

"बघ अक्का. आता कोळसा नको, राख नको. बटण दाबलं की झालं."

"आंत दिवा कशाला रे?" मावशींनी विचारलं. "केक रात्रीं घाबरतो कां?"

चंद्रमतीनं काचेचं दार उघडलं, आत पाहिलं, हळूच बंद केलं. मग ती भावाकडे वळली आणि थांबली. भामा चुलीपाशी स्तब्ध उभी होती.

घोकलेलं ते वाक्य सगळंच्या सगळं त्याच्या तोंडात आलं होतं.

"दोन वर्षांची हमी आहे," सेतुमाधव म्हणाला. "बिघडली तर दुकानदार घरी येऊन नीट करून देतो. आणि ह्यातला केक बेकरीसारखाच होतो म्हणे. अगदी तसाच."

चंद्रमतीनं पदराला हात पुसले. ओसरीवर जाऊन चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि ती गल्लीत उतरली.