दात, खडू आणि तिसरं दरपत्रक

आमच्या घरात माझं करिअर दरपत्रकं मागवून ठरलं.

यात बाबांचा दोष नाही. माणूस तीस वर्षं सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत बसला की त्याला घरचा झाडूसुद्धा सरळ दुकानात जाऊन घेता येत नाही. आधी तीन दुकानांचे भाव, मग तुलनात्मक तक्ता, मग टिपणी, मग झाडू. (तोवर आईने जुन्या झाडूच्या दांड्याने दोन दिवाळ्या काढलेल्या असतात.)

मी बी.एस्सी. झाले तेव्हा घरात दोन प्रस्ताव होते. पहिला सुमनआत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पारशिवनीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचं म्हणणं सरळ होतं. "बी.एड. कर आन् मास्तरीण हो. उन्हाळ्याच्या सुट्या, दिवाळीच्या सुट्या, आन् गावात कोनी वर मान करून बोलत नाई!"

दुसरा प्रस्ताव माझा होता, पण तो माझा आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी डेंटल हायजिनिस्टच्या पदविकेचं माहितीपत्रक टीव्हीच्या रिमोटखाली ठेवलं आणि कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत बसले. कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी आईने त्याच्यावर गरम कढई ठेवली.

"आई, ते... माझं आहे," मी म्हटलं. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं धरून हे माझं सर्वांत लांब भाषण.

कढई उचलली तर 'कामाचे स्वरूप' या मथळ्याखाली एक काळंकुट्ट वर्तुळ. त्याखालचं काही वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे, स्वरूप मला माहीतच आहे. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

"म्हणजे दाताची डॉक्टर?" आईने विचारलं.

"नाही. डॉक्टर वेगळे. हायजिनिस्ट दात साफ करते."

"दुसऱ्याचे?"

"हो."

"स्वतःचे घासायला तुले सकाळचे दहा वाजतात!"

मला हेच का शिकायचं, याचं खरं कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आईच्या दाढेसाठी आम्ही एकदा डेंटल कॉलेजात गेलो होतो. तिथे एक ताई बसली होती. अर्धा चेहरा मास्कखाली. समोरच्या खुर्चीत एक चांगला मिशीवाला, आवाजावरून ठेकेदार वाटणारा माणूस. ताई म्हणाली, "आ करा." त्याने आ केला. आणि त्यानंतर पुढची वीस मिनिटं तो एक शब्द बोलू शकला नाही! ना 'कुठल्या तुम्ही', ना 'बाबा काय करतात', ना 'बोलत का नाही गं तू'. मी भिंतीला टेकून बघत राहिले. जगात अशी नोकरी आहे की जिथे समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि तरी त्याला बोलता येत नाही, हे मला इंग्रजी शाळेतल्या चौदा वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं. उलट मास्तरकीत काय? साठ तोंडं, साठही चालू, आणि त्यावर आपलं एकसष्टावं!

माझं नाव वाणी आहे, हेही इथे सांगून टाकते. बारशाला कुणाला माझा अंदाज आला नव्हता.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "भावनेच्या भरात निर्णय नको. तक्ता करू."

प्रवेश नक्की करायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. अर्जावर पालकांची सही हवी होती. बाबा म्हणाले की फाइल पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात सही केलेली नाही, आता पोटच्या मुलीसाठीही ते नियम मोडणार नाहीत. हिरवा कागद निघाला, टॅग निघाली, रकाने आखले गेले. शिक्षिका. दंत आरोग्य. आणि इथे बाबांचा हात थांबला.

"दोनच दरपत्रकं आहेत," ते हळहळत म्हणाले. "किमान तीन लागतात."

"मग तिसरं कुठून आणता?" आई.

"नियमाची पूर्तता म्हणून एखादं घालावं लागतं. नावापुरतं." ते जरा विचारात पडले, आणि माझ्या देखत, माझ्याच बॉलपेनने त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'विवाह'.

मी कधीच काही बोलत नाही, हे सगळ्यांना सोयीचं असतं.

कार्यालयात असं नावापुरतं दरपत्रक मुद्दाम वाईट लिहून घेतात म्हणे. पण बाबा पडले प्रामाणिक! त्यांनी तिन्ही रकाने इमानदारीने भरले. 'उन्हात फिरावे लागेल का?' शिक्षिका: होय. दंत आरोग्य: नाही. विवाह: नाही. 'परीक्षा द्यावी लागेल का?' होय. होय. नाही. 'वाणीला फार बोलावे लागेल का?' शिक्षिका: सतत. दंत आरोग्य: मोजके. विवाह: बोलण्याची संधी मिळत नाही (स्वानुभव).

"कोणाचा अनुभव?" आईने खांद्यावरून वाचून विचारलं. ते दोघं त्या संध्याकाळी वेगवेगळ्या वेळी जेवले.

शुक्रवारी बाबांनी तक्त्याचा फोटो आत्याच्या मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं, 'अभिप्रायार्थ सादर.' आता बाबांसाठी 'अभिप्राय' म्हणजे दोन ओळींचं मत. पण आत्या सव्वीस वर्षं पेपर तपासणारी बाई! तिच्यासमोर कागद आला की तो तपासलाच जातो. तिने फोटोची प्रिंट काढली, लाल पेन घेतलं, प्रत्येक चौकटीला बरोबर नाहीतर चूक केलं आणि बेरीज मारली. शिक्षिका, काठावर पास. दंत आरोग्य, द्वितीय श्रेणी. विवाह, विशेष प्रावीण्य!

रविवारी सकाळी अकराला तिचा फोन आला.

"मी पक्षपात करत नाई, बरं का," ती म्हणाली. "माह्या मनात तं बी.एड.च होतं. पन पयला नंबर तो पयला नंबर. पोहे टाक म्हना वैनीले. कन्हानचं स्थळ घेऊन येऊन राहिली मी."

"कधी?" बाबांचा आवाज फाटला.

"तुमच्या हुडकेश्वरच्या ले-आउटमधीच हाय ना आता! कोनतं घर गा ते? सगळे सारखेच दिसून राहिले."

आई बाबांकडे ज्या नजरेने बघत होती, ती कुठल्याच रकान्यात बसली नसती. "नावापुरतं?" ती म्हणाली. "घ्या आता. पूर्तता आली दारात!"

तर पूर्तता आली. मुलाचं नाव निखिल, कन्हानला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बरोबर त्याची आई. ती बोलत होती आणि निखिल रुमालाने तोंड पुसत होता. विचारलं त्याला मानेने उत्तर. हसायचं तर ओठ मिटून.

"लई लाजरा हाय माहा पोरगा," त्याची आई म्हणाली.

"आमची वाणी बी तशीच!" आत्या खूश. "दोघंही गरीब गाय!"

मला खरंच एक क्षण त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. म्हटलं, चला, जगात आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे. पण माझी एक खोड आहे. बोलत नसल्यामुळे मी बघत बसते. आईने केलेली सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) तो फक्त उजवीकडून चावत होता. चहाचा घोट डावीकडे गेला की डोळे मिटत होता. आणि रुमाल! पांढऱ्या रुमालाच्या घडीला विटकरी रंगाची किनार आली होती.

सोमवारची मुदत माझ्या डोक्यात घड्याळासारखी वाजत होती. आत्या मुहूर्ताकडे सरकत होती. बाबा फाइल छातीशी धरून भिंतीला चिकटले होते. आणि अचानक माझ्याच तोंडून निघालं, "एक विचारू?"

आईने हातातली बशी खाली ठेवली.

"विचार वं बाई, विचार!" आत्या पुढे सरकली. "शिक्षण विचार, दुकान विचार!"

"डावी दाढ दुखते का?"

निखिलने जोरजोरात 'नाही' अशी मान हलवली आणि गाल धरला.

"आ करा," मी म्हटलं.

कुठून आलं मला ठाऊक नाही. पण त्या डेंटल कॉलेजातल्या ताईच्या आवाजात आलं. आणि त्या दोन शब्दांत काहीतरी आहे. बिचाऱ्याने विचार न करता आ केला! आतला रंग पाहून बाबा भिंतीला आणखी चिकटले. तंबाखू-सुपारीचा खर्रा वर्षानुवर्षं दाबल्याशिवाय हा रंग चढत नाही. आमच्या गल्लीत अर्ध्या भिंतींना तो आहे.

"हे काय गा, निखिल?" त्याची आई उभीच राहिली. "दिवाळीलेच सोडला म्हनला होता ना खर्रा?"

"आई, हा जुना रंग हाय!"

"जुना? आन् खिशात काय हाय मंग?"

खिशात पुडी होती. ताजी. मला वाटलं, आता पाहुणे उठणार, आत्या रडणार, आणि माझं नाव कन्हानपर्यंत खराब होणार. निखिलच्या आईने पुडी खिडकीतून भिरकावली, माझ्याकडे वळली, श्वास घेतला आणि म्हणाली, "बाई, माही बी एक दाढ हालून राहिली दोन महिन्यांपासून. पाह्य बरं जरा."

"मी अजून काही शिकलेले नाही हो, काकू. डॉक्टरांकडेच जायला हवं."

"मंग नुसती पाह्य ना! पाह्याले काय लागते?" आणि त्यांनी आ केला.

"थांबा, मी मोठी हाय, पयले मले!" आत्याने शेजारच्या खुर्चीत बसून आ केला. निखिलनेही पुन्हा आ केला. आईलाही आपली जुनी दाढ आठवली आणि तीही चौथी येऊन बसली. बाबा मोबाइलचा टॉर्च धरून एकेका तोंडावर मारू लागले, अगदी गोदामातला माल मोजावा तसे.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. खोली शांत होती. आमच्या दिवाणखान्यात आत्या आहे आणि शांतता आहे, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. चार तोंडं उघडी, आणि एकालाही बोलता येत नव्हतं! अशी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती.

"मला हेच शिकायचंय," मी म्हटलं. "लग्न नाही. बी.एड. नाही. हे. उद्या पाचपर्यंत सही लागते. मी तीन दिवस रिमोटखाली कागद ठेवला होता. कुणी विचारलंच नाही."

"आँ आँ आँ!" आत्या म्हणाली.

"मिटू नका, मी बघतेय," मी म्हटलं. आणि तिने मिटलं नाही!

बाबांनी टॉर्च बंद केला. फाइल उघडली. उभ्या उभ्याच टिपणी लिहिली आणि मोठ्याने वाचली, "प्रात्यक्षिक समाधानकारक. दरपत्रक क्रमांक दोन स्वीकारण्याची शिफारस. मान्यतेसाठी सादर."

"मान्यता कोणाची?" आईने तोंड मिटून विचारलं. "साहेब कोण आहे इथे?"

बाबांनी पेन तिच्याकडे केलं. आईने आधी 'स्वानुभव' हा शब्द खोडला. मग सही केली.

पाहुणे सांबारवडीचा डबा घेऊन गेले. निखिलची आई आता दर सहा महिन्यांनी त्याला आमच्या कॉलेजात घेऊन येते. रंग बराच उतरलाय. लग्नाचं कुणी काढत नाही. माणसाच्या दाढा एकदा बघितल्या की बाकी बोलणी अवघड होतात.

आणि मी? मी अगदी आनंदात होते. मास्क, दिवा, खुर्ची, शांतता. मग दुसऱ्या वर्षी आमचे सर एक दिवस वर्गात म्हणाले, "उद्यापासून शाळांची शिबिरं. हायजिनिस्टचं अर्धं काम म्हणजे लोकांना शिकवणं. माहितीपत्रकात 'कामाचे स्वरूप'खाली पहिल्याच परिच्छेदात आहे, वाचलं असेलच."

वाचलं असतं. कढई नसती तर.

माझ्या वाट्याला आली पारशिवनी तालुक्यातली एक शाळा. कुठली, ते तुम्ही ओळखलंच असेल. एका मोठ्या खोलीत शाळेतली सगळी साठ मुलं बसवलेली. माझ्या एका हातात प्लास्टिकचा भलामोठा जबडा, दुसऱ्या हातात हातभर लांब ब्रश, आणि मागच्या भिंतीशी आत्या, वह्या तपासत. साठही तोंडं चालू होती. "मॅडम, हे कोनाचे दात हाय?" "मॅडम, घोड्याचे हाय का?" "मॅडम, हा मले चिमटे काढून राहिला!" तोंडातून आवाज फुटेना. आत्याने चष्म्यावरून पाहिलं. म्हणजे आता ती उठणार, वर्ग गप्प करणार, आणि हे पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगणार.

मी मला येणारी एकमेव गोष्ट केली.

"आ करा," मी म्हटलं.

साठ तोंडं उघडली. शाळा चिडीचूप! बाहेरच्या लिंबावरचा कावळा ऐकू आला. मी बोलायला लागले. दुधाचे दात, किडके दात, ब्रश कसा धरायचा, रात्री का घासायचं. शब्द सापडत गेले. एकदाही अडखळले नाही. जन्मात पहिल्यांदा मी सलग दहा मिनिटं बोलले आणि मधे कुणी तोंड घातलं नाही. मुलं एकटक माझ्याकडे बघत होती, काहींच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं. मला वाटलं, आत्या म्हणायची ते हेच! वर्ग असा जिंकायचा असतो! अभिमानाने मी मागे पाहिलं. आत्या वह्या सोडून उभी होती.

"छान शिकवून राहिली," ती म्हणाली. "पन आता त्याइले तोंडं मिटू दे वं बाई! माश्या जाऊन राहिल्या!"