समेची वाट

युद्धाच्या काळात पुण्याच्या कॅम्पात गोऱ्या सैनिकांच्या वाद्यवृंदाची मैफल होती. मी शिकवत असे त्या भोरच्या शाळेतील इंग्रजीचे शिक्षक मला आग्रहाने घेऊन गेले. ज्या ब्रिटिश संगीतकाराच्या दोन सिंफनी तेथे वाजणार होत्या, तो स्वदेशातही विस्मृतीत गेलेला. भोरमध्ये त्याच्याविषयी बोलायला या शिक्षकांना कोणीच नव्हते.

मी भजनात वाढलेलो. सवयीने गुडघ्यावर ताल धरला आणि समेची, म्हणजे ताल जेथे फिरून येतो त्या मात्रेची, वाट पाहू लागलो. ती येईना. दुसऱ्या सिंफनीच्या संथ भागापर्यंत मी इतका थकलो, की हात आपोआप थांबला. मग नुसते ऐकू आले, आणि वडील गेले तेव्हा न आलेले रडू आले.

परतताना मोटार नसरापूरला पाण्यासाठी थांबली.

"कसं वाटलं, गुरुजी?" त्यांनी विचारले.

"थकलो."

त्यांचा चेहरा उतरला. "टाळ घेऊन यायचं होतं तुम्ही."

"तसं नव्हे. पुन्हा असेल तेव्हा मला सांगा."

"पुन्हा कोण वाजवणार?" ते म्हणाले, पण भोर येईपर्यंत त्या संथ भागाविषयीच बोलत राहिले. मी डोळे मिटून ऐकत होतो.