भिंगरीचा क्लब कशाच्या बाहेर जातो?

लेकीच्या पाठीची काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. पाठ दुखते असं ती मला म्हणालेली नाही. पण गोल्फच्या निवड चाचणीसाठी परगावी निघाली त्या सकाळी ती बुटाची नाडी खाली वाकून न बांधता, पाय खुर्चीवर ठेवून बांधत होती. तिच्या वयाच्या मुलीने असं का करावं? विचारलं तर म्हणाली, "आई, तू ना, कशातूनही काहीही काढतेस." आणि दारातून वळून म्हणाली, "या वेळी निवड नाही झाली तर बास. मग क्लबला हात लावणार नाही." ती बोलते तसं करते, हीच तर पंचाईत आहे. चाचणी परवा आहे.

घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरलेली नाही. तिचे बाबा गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र चालवतात. शाळा सुटली की ती त्यांच्याकडे पळायची. कुणीतरी टाकून दिलेला क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, त्यांनी तिच्या उंचीला कापून दिला होता. कुंपणाकडच्या उंच गवतात हरवलेले बॉल शोधायचे आणि मारायचे, हाच तिचा खेळ. शिकवलं कुणी नाही. मी तिला न्यायला जायचे तेव्हा बॉलच्या रेषेत, बरोबर तिच्या मागे उभी असायचे. क्लब सरळ वर जायचा, वर जरासा रेंगाळायचा आणि खाली यायचा. बॉल कुठे गेला ते मला कधीच दिसलं नाही. तिच्या बाबांचा चेहरा बघून कळायचं.

आता ती सरावाच्या मैदानावर नोकरी करते. तिथे एका छपराखाली ओळीने हिरव्या चटया टाकल्या आहेत आणि लोक त्यांवर उभे राहून समोरच्या मोकळ्या जागेत बॉल मारतात. त्यांना बॉलच्या बादल्या द्यायच्या, लहान मुलांना क्लब धरायला शिकवायचं, आणि गर्दी ओसरली की स्वतःचा सराव करायचा.

हातात स्वतःचा फोन आल्यावर तिला जगातल्या थोर खेळाडूंच्या स्विंगचं, म्हणजे क्लब फिरवायच्या ढबीचं, वेड लागलं. एकेक फटका संथ करून ती पुन्हापुन्हा बघत बसे आणि मग घरभर त्यांच्या नकला. हातात छत्री नाहीतर केरसुणी.

"आज अंगात कोण आलंय?" तिचे बाबा विचारायचे.

एकाचा स्विंग इतका निवांत, की ओल्या कपड्यांची बादली जपून उचलतोय असं वाटावं. दुसरा क्लब वर नेताना हवेत चक्क एक गाठ मारतो आणि ती सोडवत खाली आणतो. तिसऱ्याचा हात पुरता वर जातच नाही, अरुंद स्वयंपाकघरात माशी मारावी तसा आखूड फटका. एक तर मारून झाल्यावर असा कलंडतो, की धरायला धावावं.

"यातला बरोबर कोण?" मी विचारलं.

"सगळेच."

"सगळेच कसे? एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला!"

"आई, वर काय करतात ते सोड. बॉलला लागतं तो क्षण बघ." तिने एकेकाचं चित्र तिथेच थांबवून दाखवलं. खरंच, त्या एका क्षणी सगळे एका आईची लेकरं वाटत होते. कंबर वळलेली, हात बॉलच्या किंचित पुढे, डोकं मागे राहिलेलं. तेवढ्यापुरतं मला समजलं.

"मग तुझं काय चुकतंय?"

"माझा क्लब वर जाताना बाहेर जातो."

"कशाच्या बाहेर?"

"जिथे असायला हवा त्याच्या."

झालं, मी पुन्हा होते तिथेच.

हे 'बाहेर जाणं' तिला सरावाच्या मैदानावरच्या कोचने दाखवलं. तिथे प्रत्येक चटईच्या मागे, म्हणजे बॉल जातो त्याच्या उलट टोकाला, पण जरा मारणाऱ्याच्या पाठीच्या बाजूला, एक लोखंडी खांब आहे. त्याला चिमटा लावलेला असतो. चिमट्यात फोन अडकवायचा, फटका मारायचा, मग तो फोनवर बघायचा. शेजारी थोर खेळाडूचा फटका लावायचा आणि ताडून पाहायचं. थोरांचा क्लब हातांच्या रेषेत वर जातो, भिंगरीचा त्या रेषेच्या बाहेर, अंगापासून लांब. म्हणून कोच म्हणाला, आत घे. तिने आत घेतला. अजून आत. गेले कित्येक महिने ती क्लब आतच घेते आहे, आणि बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे, वाट्टेल तिकडे जातो आहे.

मागच्या आठवड्यात मी तिला न्यायला गेले आणि बरोबर तिच्या मागच्या बाकावर बसले. माझ्या डोळ्यांना तर तिचा क्लब कमरेभोवती दोर गुंडाळावा तसा आत जाताना दिसला. अंग पिळवटून निघत होतं. आणि कोच खांबावरच्या फोनमध्ये बघून म्हणतो, "हं, आता जरा बरंय. अजून थोडा आत."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच.

पलीकडच्या चटईवर एक जाडजूड गृहस्थ होते. कोच त्यांच्या फोनकडे वळला. "साहेब, बाहेर जातोय. आत घ्या." त्यापुढे एक तरुण बाई. "मॅडम, बाहेर. आत घ्या."

वाटेत मी म्हटलं, "काय गं, सगळ्यांना एकच रोग आणि एकच औषध?"

"नवशिक्यांची ती नेहमीचीच चूक असते."

"पण तू कुठे नवशिकी आहेस?"

मी विषय सोडून दिला. ज्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यात तोंड कशाला घालायचं?

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. आज एक विद्यार्थिनी नळीतल्या पाण्याची पातळी उभ्यानेच, वरून वाकून वाचत होती. मी रोजच्यासारखी ओरडले, "डोळा पातळीत आण! तिरकं बघितलंस तर नळी खोटंच सांगणार." आणि माझं मलाच काहीतरी टोचलं.

संध्याकाळी ह्यांना बैठकीच्या खोलीत उभं केलं, हातात फरशी पुसायच्या फडक्याचा दांडा देऊन.

"भिंगरी क्लब अर्ध्यावर नेते तसा धरा. आणि हलू नका."

"हे काय नवीन खूळ? मी दिवसभर यंत्रावर हादरून आलोय."

"म्हणूनच, जरा स्थिर उभे राहा."

बरोबर मागे, हातांच्या रेषेत उभी राहून मी एक फोटो काढला. मग दोन पावलं त्यांच्या पाठीच्या बाजूला सरकून, तिरका, दुसरा. पहिल्यात दांडा हातांच्या रेषेत, अगदी त्या थोरांसारखा. दुसऱ्यात दांडा चांगला बाहेर गेलेला.

"अहो, हललात?"

"शपथ, पापणीसुद्धा नाही." त्यांनी दोन्ही फोटो बघितले, पुन्हा बघितले, आणि कपाळावर आठ्या घालून म्हणाले, "च्यायला! खांब सगळे पाठीकडेच आहेत. हातांच्या रेषेत असते तर क्लब आपटले असते ना."



पण लगेच त्यांचा पवित्रा बदलला. "कोच काय आंधळा आहे? इतकी वर्षं शिकवतोय."

"तो फोनकडे बघतो. तिच्याकडे कुठे बघतो?"

"आणि समजा तू म्हणतेस ते खरं. तरी आत्ता सांगायचं? परवा चाचणी! धावत्या गाडीचं चाक बदलतं का कुणी? चाचणी होऊ दे, मग सांग."

हे ऐकलं की तेच पटतं. आणि लगेच दुसरं मन म्हणतं, चाचणी झाल्यावर काय सांगणार, तेव्हा तिने क्लब खाली ठेवलेला असेल. माझंच चुकत असेल तर? एका दांड्याच्या जोरावर मी कोचला शहाणपण शिकवायला निघाले आहे. आणि माझं खरं असेल तर ते जास्तच वाईट. जे मोडलंच नव्हतं ते दुरुस्त करण्यात पोरीने इतके महिने घालवले, पाठ घालवली. हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? कोणता फोटो बघितला की कोणती भिंगरी खरी, मला आता काहीच उमगेनासं झालं आहे. हे केव्हाच झोपले. दांडा अजून बैठकीच्या खोलीतच भिंतीला टेकलेला आहे.

एवढं मात्र मला माहीत आहे, की उंच गवतातला तो फटका मी दोन डोळ्यांनी पाहिला होता. तो सरळ वर जात होता.

सकाळी ती तिथल्या मैदानावर सरावाला जायच्या आधी मी तिला फोन करणार आहे. चुकलीस असं म्हणणार नाही, कोचचं नावही काढणार नाही. फक्त सांगणार, की तिथे खांब असला तरी आज फोन त्याला लावू नकोस. बरोबर मागे, हातांच्या रेषेत एक खुर्ची ठेव, तिच्यावर फोन टेकव, लहानपणी मारायचीस तसा एक फटका मार आणि तुझा तूच बघ. ती म्हणेलच, "आई, तू ना!" म्हणू दे.

पण त्याआधी पाठीचं विचारणार.