भागीबाईचा नंबर

मखमलाबादच्या मळ्यात भागीबाईचा फोन गळ्यात लटकलेला असायचा. झेंडू तोडला की हात हिरवेकाळे होतात, चिकटतात. त्या हातांनी फोन धरायची सोय नाही. म्हणून तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला नाडी ओवली अन् गळ्यात अडकवला. वाजला की पिशवीवरूनच करंगळीनं दाबायचं आणि स्पीकरवर बोलायचं. सरीत तोडणीला असलेल्या अकरा बायांना सगळं ऐकू जायचं. कुणाच्या लग्नाला किती हार, कोणत्या देवळाला किती पाट्या, कुठली नवरी रुसली म्हणून मांडवाचा रंग बदलला, सगळं.

त्या नंबराचा तिला भारी तोरा. चौदा वर्षं एकच नंबर, आणि हमखास उचलला जाणारा! त्यामुळे सगळ्या आळीनं तो आपलाच मानला. गॅसच्या पुस्तकावर, शाळेच्या फॉर्मवर, दवाखान्याच्या कागदावर, जिथं तिथं "भागीमावशीचा टाका." एकदा तर गुरांच्या डॉक्टरांनी सकाळी सकाळी विचारलं, "काय, शेण पडलं का नीट?" भागीबाई म्हणाली, "डॉक्टर, माझं बरं हाय. म्हशीचं तिच्या मालकाला इचारून सांगते." आणि खरंच दोन बांध ओलांडून विचारून आली. नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

तिथंच ती फसली. तिची फुलं पोचवणाऱ्या टेम्पोवाल्या लहानूनं मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपकडून कर्ज काढलं. ओळखीची व्यक्ती म्हणून सवयीनं भागीमावशीचा नंबर दिला. हप्ते थकवले, सिमकार्ड बदललं आणि हा गडी मोकळा.

कर्जवसुलीवाल्यांचा पहिला फोन गोड आला. "लहानूजी आहेत का?" दुसऱ्या दिवशी 'जी' गेलं. तिसऱ्या दिवशी, "ए म्हातारे, कुठं लपवलाय त्याला?" दिवसाला तीस-तीस फोन. त्यांचा एक नंबर बंद करावा तर दुसऱ्यावरून सुरू. भागीबाई दात आवळून ऐकायची, कारण मधेच एखादा फोन गिऱ्हाइकाचा असायचा. दसरा आठ दिवसांवर आलेला. शेतात केशरी फुलांचा नुसता डोंगर उभा, आणि तो विकायचा होता याच फोनवर.

मग इंदिरानगरच्या मंगल कार्यालयातून मंजुषाताईंचा फोन आला.

"भागीबाई, दसऱ्याची फुलं यंदा राहू द्या. आम्ही पिंपळगावहून मागवतोय."

"का हो ताई? माल खराब निघाला का?"

"तसं नाही. एक फोन आला होता. तुम्ही लोकांचे पैसे बुडवता म्हणून. मी दुसऱ्या हॉलवाल्यांनाही सांगून ठेवलंय, सावध राहा म्हणून. उगाच नको ना."

लहानूच्या फोनमधले हॉलवाल्यांचे सगळे नंबर त्या ॲपनं उचलले होते. भागीबाईच्या हातातलं फूल तिथंच चुरगळलं. चौदा वर्षांत तिनं कुणाला एक शिळा हार दिला नव्हता.

तेवढ्यात पिशवी पुन्हा वाजली.

"काय गं म्हातारे, बसला ना चटका? आता तुझ्या नातीच्या शाळेत फोन लावतो."

मग पलीकडच्या ओळीतून सखुबाई उठली. "कोण रं तू? तोंड धुतलंस का सकाळी?"

"तू कोण?"

"मी सखू. ही बयाबाई, ही लताबाई. अकरा जणी हायेत. एकेकीला शिव्या दे, का एकदमच देतो? घाई नाय आम्हाला, तोडणी सांजपर्यंत हाय."

फोन कट झाला. बाया हसल्या; भागीबाई हसली नाही. पाटी तिथंच ठेवून ती थेट लहानूच्या दारात गेली. "काढ टेम्पो."

"कुठं मावशी?"

"चौकीला. कर्ज तुझं, तोंड माझं काळं! तू बी चल अन् लिहून दे."

लहानूनं मान खाली घालून किल्ली घेतली. तिच्यामागून आलेल्या अकराही बाया मागच्या हौद्यात चढल्या, हात तसेच हिरवेकाळे.

चौकीतला हवालदार म्हणाला, "आजी, उचलू नका ना फोन. बंदच करून टाका."

"बंद करू? उद्या मी म्हणाले, साहेब, तुमच्या चौकीचा फोन बंद करा, तर चालंल?" तिचा आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला. "माझं दुकान हाय हे! चोरानं आरडायचं आन् मी दार लावून बसायचं?"

आवाज ऐकून तेजस्विनी मॅडम, तिथल्या फौजदार, बाहेर आल्या. नेमकी पिशवी वाजली. भागीबाईनं ती टेबलावर ठेवली अन् करंगळीनं दाबलं.

"काय म्हातारे, गेलीस का पोलिसात? जा, जा. पोलीस आमच्या खिशात असतात."

"कुठल्या खिशात?" मॅडमनी विचारलं. "मी फौजदार बोलतेय. नाव सांग."

नाव सांगायच्या आधीच पलीकडून फोन ठेवला गेला.

तक्रार लिहून घेतली. सगळे नंबर, सगळ्या वेळा. लहानूनं सही केली, अकरा बायांनी साक्ष दिली. तक्रारीच्या कागदावर झेंडूचे डाग पडले ते पडलेच.

तिथून भागीबाई घरी गेली नाही. कागदाची नक्कल घेऊन इंदिरानगरला उतरली. मंजुषाताईंनी नक्कल वाचली, ओशाळल्या. "चुकलंच माझं. दसऱ्याची ऑर्डर तुमचीच, भागीबाई."

"ऑर्डरचं नंतर." भागीबाई खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. "माझी बदनामी तुम्ही किती जणांकडं केली?"

"असतील पाच-सहा."

"मग लावा त्यांना फोन. माझ्यासमोर. स्पीकरवर."

मंजुषाताईंनी एक लावला, चूक झाली म्हणून सांगितलं. दुसरा लावला. तिसऱ्यानंतर त्यांनी केविलवाणं वर बघितलं. "बाकीच्यांना संध्याकाळी केला तर?"

"सांगताना संध्याकाळची वाट पाहिली व्हती का?" भागीबाई म्हणाली. "लावा."