धुतलेला स्पंज
ओल्या स्पंजचा वास आला की मला जे. पी. नगरमधला आमचा पहिला फ्लॅट आठवतो. तिथे मी हौसेने डिस्कस माशांची टाकी मांडली होती. आधी महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या, फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वाढले की तेच माशांची घाण पचवतात, असं दुकानदाराने बजावलं होतं. पण नागपूरहून आई राहायला येणार होती, तिला भरलेली टाकी दाखवायची होती, म्हणून दहाव्या दिवशीच मी बशीएवढे चार मासे आणून सोडले. आई तासन्‌तास टाकीसमोर बसायची. आठवड्याभराने, मी ऑफिसात असताना, तिने तो मळकट, बुळबुळीत स्पंज नळाखाली घासून लख्ख धुतला. संध्याकाळी येऊन बघतो तर मासे काळे पडून तळाशी आडवे झालेले, कोमट पाण्याला वास सुटलेला. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? तूच मारलंस त्यांना!" मी ओरडलो. "घाण दिसला रे, म्हणून धुतला," एवढंच ती म्हणाली आणि चारही मासे तिनेच वर्तमानपत्रात गुंडाळले. खरं तर त्या सकाळीच, तिने स्पंज काढायच्या आधी, तपासणीच्या नळीतलं पाणी गर्द हिरवं झालेलं, म्हणजे टाकीत विष चढलेलं, मी पाहिलं होतं आणि मीटिंगला उशीर होतोय म्हणून तसाच निघालो होतो. आजही आई आली की चहाचा कप विसळण्याआधी विचारते, "हे धुतलं तर चालेल ना?" मी म्हणतो, "चालेल."