काय छान बेल वाजवलीस!

मी बेल दाबली आणि आतून आवाज आला, "वाऽऽ! काय बसलीस गं! अहो, बघा तरी, बसावं कसं ते हिच्याकडून शिका!"

दोन हजार चार सालची गोष्ट. स्टुटगार्टच्या बाहेरच्या एका गावात, एस-बान म्हणजे लोकल गाडीच्या स्टेशनपासून उभा चढ चढून, दोन सुटकेसा ओढत मी आले होते. विद्यापीठात मास्टर्ससाठी आलेल्या मुलीला माळ्यावरची खोली द्यायला तयार असलेलं मराठी जोडपं, एवढीच मला माहिती होती. आत नुकतंच बसायला शिकलेलं नातवंड असणार असं समजून मी बाळांसाठीचं हसू चेहऱ्यावर आणलं. दार उघडलं तर समोर साठीच्या एक बाई. पाचवारी साडी, तिच्यावर निळं विंडचीटर, पायात धावायचे बूट. शेजारी एक काळी-पांढरी कुत्री, एक कान उभा, एक पडलेला, अगदी ताठ बसलेली.

"आणि तू!" बाई मला म्हणाल्या. "काय छान बेल वाजवलीस! एकदाच, थोडक्यात. लोक कशी देवळातल्या घंटेसारखी बडवतात."

बेल वाजवल्याबद्दल मला आयुष्यात कुणी शाबासकी दिली नव्हती. बेल कशाला, जर्मनीतल्या प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते दोनदा वाचलं आणि "स्वेटर लागतील" एवढंच म्हणाले. आई आत जाऊन रडली, तेही नळ सोडून. मी "थँक यू" म्हणाले. ते बहुधा कुत्रीलासुद्धा ऐकू गेलं नसावं.

त्या नलूकाकू. कुत्री म्हणजे ठकू. आणि "अहो" म्हणजे काका, जे गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते आणि आता दिवसभर पेपर वाचत.

काकू दिसेल त्याचं मोठ्यानं कौतुक करत. बाल्कनीतल्या टोमॅटोला "किती लाल झालास रे!" वेळेवर आलेल्या बसच्या ड्रायव्हरला त्यांच्या मराठी वळणाच्या जर्मनमध्ये "सुंदर आलात तुम्ही!" तो बिचारा बावरून दोन थांबे आरशात बघत राही. त्या भागात कुणी कुणाची स्तुती करत नाही. रागावलो नाही यातच कौतुक समजून घ्यावं, अशी तिथल्या जुन्या लोकांची रीतच आहे. काकू म्हणत, "म्हणून मला इथे परकं असं कधी वाटलंच नाही. आपलं तरी काय निराळं? ओरडायचं ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, आणि कौतुक स्वयंपाकघरात, पातेल्यावर झाकण ठेवून."

"मग तुम्ही अशा कशा झालात?" मी एकदा विचारलं.

"मला कुत्रीनं शिकवलं," काकू म्हणाल्या. "पहिलं वर्षभर मी हिला ओरडत होते, ही सोफ्याखाली. एकदा चुकून म्हटलं, शाब्बास गं बाई! आली की बाहेर. तेव्हा कळलं, कुत्र्याला मनातलं ऐकू येत नाही."

गावाबाहेर, सफरचंदाच्या झाडांपलीकडे कुत्र्यांच्या फेराइनचं मैदान होतं. फेराइन म्हणजे क्लब. त्या गावात गाण्याचा, पत्त्यांचा, सशांचा, सगळ्यांचा एकेक फेराइन होता. दर शनिवारी काकू ठकूला घेऊन तिथे जात. मैदानात अडथळे मांडलेले असत : आडव्या दांड्या, कापडी बोगदा, सीसॉ, ओळीत रोवलेल्या काठ्या ज्यांतून कुत्र्यानं नागमोडी जायचं. माणसानं बरोबर पळायचं, पण कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. फक्त आवाज आणि हातवारे. काकू चार वर्षं तिथे शिकत होत्या. स्पर्धेत उतरणार तोच त्यांचा उजवा गुडघा गेला.

माझ्या तिसऱ्याच शनिवारी त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला. "ठकूचे पाय चार, तुझे दोन, डोकं माझं. झाली टीम!"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मला नाही म्हणायलाही वेळ लागतो. तेवढ्यात ठकू मला घेऊन निघाली होती.

स्पर्धेत उतरायचं तर आधी एक परीक्षा पास व्हावी लागे, कुत्रं आणि त्याला चालवणारा माणूस अशा जोडीनं. पायाशी चालणं, बसणं, पडून राहणं, हाक मारली की येणं, माणसांच्या घोळक्यातून शांतपणे जाणं. ठकू सात वर्षांची होती. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अजून एखाद-दोन उन्हाळे उड्या मारेल. मग हिचेही सांधे माझ्यासारखे. त्याआधी एकदा तरी खऱ्या स्पर्धेत पळू दे गं तिला. चार लोकांनी टाळ्या वाजवू देत."

हे त्या हळू बोलल्या होत्या. म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

अडचण माझ्या आवाजाची होती. मी इंग्रजी शाळेत वाढलेली, तिथे मराठी व्हरांड्यातसुद्धा चालत नसे. आणि मोठ्यानं बोलणं कुठल्याच भाषेत चालत नसे. ठकूनं सुंदर उडी मारली की मी म्हणे, "गुड गर्ल, ठकू." ठकू वळून बघे, हिला काही हवंय का म्हणून.

"तू तिचं कौतुक करतेयस की तिला फॉर्म भरायला सांगतेयस?" काकू मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडून ओरडत. "मराठीत कर! ती इंग्लिश शाळेत गेली नाही!"

क्लबचे अध्यक्ष हेर (म्हणजे श्रीयुत) झेलर शेजारी उभे असत. सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या, आणि त्यांचा आर्को नावाचा भलाथोरला रॉटवाइलर कुत्रा. झेलर फारच खूश झाले तर "पास्ट" म्हणत, म्हणजे "ठीक आहे". असं ते वर्षातून दोनदा म्हणत, अशी क्लबात आख्यायिका होती.

शेवटी काकूंनी फर्मान काढलं. "आधी माणसावर सराव कर. हे आहेत ना घरात, रिकामेच."

मी जेवणाच्या टेबलाजवळ उभी राहिले. काका पेपरच्या मागे होते. मला दुसरं काही सुचेना. "काका," मी म्हणाले, "तुम्ही पेपर काय छान वाचता!"

पेपर खाली आला. काकांनी आधी माझ्याकडे, मग काकूंकडे बघितलं. "नलू, हिला ताप वगैरे आहे का?"

"अहो, गप्प बसा आणि कौतुक घ्या. आदिती, अजून मोठ्यानं!"

"काय पानं उलटता! वा!"

दुसऱ्या दिवसापासून काका पान उलटायच्या आधी क्षणभर थांबत, माझं लक्ष आहे ना हे बघत, आणि मग ऐटीत उलटत.

परीक्षा मे महिन्यात होती. घोळक्यासाठी चार माणसं लागत. मैदानात जवळजवळ उभं राहायचं आणि कुत्र्यांना आपल्यामधून जाऊ द्यायचं, एवढंच काम. काकूंना त्यात घेतलं. त्यांनी खास नवी साडी नेसली, वर विंडचीटर. बाहेरगावचा परीक्षक आला होता, किडकिडीत, हातात फळी आणि कागद.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. नलूकाकूंच्या तत्त्वात हेही बसत होतं, की समोर आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही. त्या दर शनिवारी गाजराच्या बिनसाखरेच्या शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा मैदानावर आणत. ठकूसाठीच आणत, पण दुसरं कुत्रं बघत असताना एकट्या ठकूला कसं द्यायचं? पंक्तिप्रपंच होतो. म्हणून सगळ्यांना. मात्र आधी समोर येऊन ताठ बसायचं, मगच मिळेल. मी आल्यापासून आठ महिने तरी हे चाललं होतं. आणि ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही, अगदी हेर झेलरांच्याही, डोक्यात आली नाही.

पहिला कुत्रा घोळक्यात शिरला, काकूंच्या समोर आला आणि बसला. मालकीण पुढे गेली, कुत्रा नाही. परीक्षकानं काहीतरी लिहिलं. दुसरा आला, बसला. काकू ओठ न हलवता म्हणत होत्या, "अरे आत्ता नाही, नंतर, नंतर!" तिसरा आर्को. तो बसलाच, शिवाय पंजा वर केला. हेर झेलर लाल झाले. पट्टा ओढला तर आर्को जमिनीत पुरलेल्या खांबासारखा.

चौथी ठकू. ती तर घरचीच. "पायाशी, ठकू," मी म्हणाले. परीक्षकानं विचारलं, "तुम्ही आज्ञा दिलीत का?" मी म्हटलं, दिली. "मला ऐकू आली नाही," तो म्हणाला. ठकूलाही आली नव्हती. ती काकूंच्या तोंडाकडे बघत शेपटीनं गवत झाडत होती.

परीक्षक फळी काखेत मारून काकूंसमोर गेला. "माफ करा, बाई. तुमच्या खिशात सॉसेज आहे का?"

"सॉसेज?" काकू ताठ झाल्या. "मी शाकाहारी आहे!"

मैदानाबाहेर कुणीतरी हसलं, मग सगळेच. त्या दिवशी चार कुत्री नापास झाली. घरी आल्यावर काकू दाराशी थांबून म्हणाल्या, "माझ्या आग्रहानं घालवलं गं. तिचा एक उन्हाळा गेला." मग किल्ली लावता लावता म्हणाल्या, "पण बसले काय सुरेख सगळे! एका रेषेत!" आणि आम्ही दोघी जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. काका पेपर घेऊन बाहेर येऊन बघून गेले.

पुढची परीक्षा ऑक्टोबरात. शंकरपाळ्या बंद झाल्या. काकूंनी स्वतःच जाहीर केलं की त्या मैदानात पाऊल ठेवणार नाहीत; क्लबच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसतील. "मी दिसले की त्यांचं वाटोळं होतं. तू आणि ती. बास."

म्हणजे ओरडणारं डोकं आता दोरीपलीकडे नसणार होतं.

सगळं बरं चाललं होतं. घोळक्यातून ठकू सरळ गेली; एका जाड बाईंसमोर जरा रेंगाळली, पण गेली. शेवटचा भाग राहिला : तिला गवतात पडायला सांगायचं, तीस पावलं दूर जायचं, वळायचं आणि हाक मारायची. मी वळले. ठकू पडलेली होती, पण तिचं नाक क्लबच्या खोलीकडे होतं. वारा तिकडूनच येत होता.

"ये," मी म्हणाले.

कान हलला. तो पडलेला.

परीक्षकानं बोट वर केलं. आणखी एकच हाक मारता येईल, असा त्याचा अर्थ. दोरीबाहेर वीसेक माणसं, सगळी गप्प. खोलीची खिडकी दिसत होती आणि तिच्यात काकूंची पाठ, आखडलेली, अंबाड्यासकट. त्या वळल्या नाहीत. वळल्या असत्या तर ठकू तिकडे गेली असती आणि मी सुटले असते. पण तिचा दुसरा उन्हाळाही गेला असता.

माझ्या तोंडातून काय निघालं ते मला नंतर काकूंनी सांगितलं. "ठकूऽऽऽ! माझी शहाणी गं ती! माझी राणी गं! ये, ये, ये, धावत ये!"

ठकू उठली ती उडालीच. दोन्ही कान मागे, पोट जमिनीला, गवताचे तुकडे उडवत ती आली आणि थेट माझ्या पोटावर आदळली. मी बसले. नियमाप्रमाणे तिनं बसायचं होतं, पण ते मग तिनंही केलं.

परीक्षक आला. "शब्द फार झाले," तो म्हणाला. "त्याचे गुण जाणार. धडकेचेही." त्यानं कागदावर लिहिलं. "तुम्ही काय म्हणालात मला माहीत नाही. पण मीही आलो असतो." पास.

हेर झेलर मिशांवरून हात फिरवत शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "पास्ट." आणि थोडं थांबून, "अगदी पास्ट."

खोलीतून काकू लंगडत धावत आल्या. "मी वळले नाही हं! पण ऐकू आलं! सबंध गावाला ऐकू आलं असेल!"

पुढच्या मे महिन्यात ठकू स्पर्धेत पळाली. पहिली दांडी, दुसरी, सीसॉ, सगळं निर्दोष. मग बोगदा. बोगदा तिला इतका आवडला की ती वळून परत आत शिरली. मग तिसऱ्यांदा. मी बाहेर उभी राहून हसत होते आणि "वा गं वा!" ओरडत होते. ते ऐकून चौथ्यांदा. शिट्टी वाजली, आम्ही बाद. टाळ्या मात्र त्या दिवशी सगळ्यांत जास्त आम्हालाच पडल्या. काकू दोरीवर ओणवून डोळे पुसत म्हणत होत्या, "बघा, एकाच फीमध्ये चार बोगदे!"

त्या उन्हाळ्याअखेर मला म्युनिकला नोकरी लागली. एस-बानच्या फलाटावर तिघंही आली. काकूंनी डबा दिला, सुटकेसची चाकं छान आहेत म्हणाल्या, मी कोट किती नीट बटण लावून घातलाय म्हणाल्या. आणि मला एकाएकी जाणवलं की दोन वर्षांत मी ठकूचं केलं, काकांच्या पेपरचं केलं, पण या बाईंचं कौतुक कुणी केलेलं मी ऐकलंच नाही. मीही नाही.

गाडी आली. मी दारात उभी राहिले.

"काकू!" मी म्हटलं. फलाटावरची माणसं वळली. "काकू, तुम्ही काय बाई आहात! तुमच्यासारखं कुणी नाही! शाब्बास, काकू, शाब्बास!"

काकूंनी पदरानं तोंड झाकलं. कान लाल झाले. "अगं हळू! लोक बघतायत!"

"बघू देत!"

"बास गं," त्या पदरातून म्हणाल्या, "शेफारीन ना मी."

काकांनी काखेतला पेपर दुसऱ्या काखेत घेतला, घसा साफ केला आणि त्या गप्प फलाटावर, आयुष्यात पहिल्यांदा असावं, मोठ्यानं म्हणाले, "बरोबर बोलतेय ती, नलू."

दारं मिटली. काचेतून दिसलं, की ठकूला वाटलं हे सगळं तिच्याचसाठी चाललंय, आणि ती काकूंसमोर येऊन अगदी ताठ बसली होती.